सतरा नंबरला पाणी आहे

टेपबाईंचं खरं नाव कार्यालयाच्या हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहत होतं. फिरतीवर सगळे त्यांना टेपबाई म्हणत, घरी आत्या. अडतीस विहिरी, वर्षातून चार फेऱ्या, एकोणतीस वर्षं, एवढा त्यांचा नोकरीचा हिशेब.

कामाचं सामान एका पिशवीत मावायचं. तीस मीटरची पोलादी टेप, तिच्या टोकाला शिशाचं वजन, निळ्या खडूची डबी, एक फडकं आणि नोंदवही. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर तांबड्या रंगाचा बाण आणि नंबर रंगवलेला. विहीर कुणाचीही असो, माप घ्यायचं ते त्या बाणापासून. टेपच्या शेवटच्या दोनेक हात लांबीला खडू चोळायचा, टेप आत सोडायची, बाणाशी पूर्ण मीटरचा आकडा धरायचा आणि वर ओढायची. पाण्यात बुडालेला खडू गडद होतो. कोरडा कुठं संपला आणि ओला कुठं सुरू झाला ती रेघ वाचायची, वजाबाकी करायची. मग पुसून, पुन्हा खडू लावून दुसऱ्यांदा. दोन्ही मापं जुळली तरच नोंद. जुळली नाहीत तर तिसऱ्यांदा.

लोक त्यांना वीजवाल्या समजत. "मीटर मागच्या बाजूला आहे," असं दार न उघडताच सांगत.

"मला मीटर नको, विहीर हवी," टेपबाई म्हणत.

"विहीर? घ्या, घ्या. उघडीच आहे."

मग कुणी बाहेर येत नसे. विहिरीशी वाकलेल्या बाईकडे बघण्यासारखं असतं तरी काय? काम होई, टेपबाई स्कूटर सुरू करत. त्या गेल्या हे घरातल्या कुत्र्यालाच तेवढं कळे.

घरी माणसं कमी होती असं नाही. भावाचं घर, मागची खोली त्यांची. भाऊ, वहिनी, भाचा, त्याची बायको, दोन मुलं. संध्याकाळी त्या येत तेव्हा सगळे जेवून टीव्हीपुढे बसलेले असत आणि ताटावर ताट झाकलेलं असे.

"आत्या, तुमचं झाकून ठेवलंय," भाच्याची बायको मान न वळवता सांगे. मुलगी गुणी होती. सांगायला कधी विसरत नसे.

एकदा जेवता जेवता टेपबाई म्हणाल्या, "अकरा नंबर या खेपेला पाऊण मीटर उतरली."

"हो का?" वहिनी म्हणाल्या. "सकाळी गीझर बंद केला होतात ना?"

त्यानंतर टेपबाईंनी घरी आकडे सांगितले नाहीत.

आकडे सांगावेत असं घर अडतिसांत एकच होतं. सतरा नंबर. उताराच्या वरच्या टोकाला एक वस्ती होती, तिच्यातलं शेवटचं घर. तिथं टेलरकाकू राहायच्या. वय चौऱ्याहत्तर, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा लांब, फोनवर. काकूंनी आयुष्यभर वस्तीचे कपडे शिवले. आता नजर अधू झाल्यामुळे मशीनवर कापड घातलेलं असे आणि हातशिलाईची बारीकसारीक कामं चालत. काजं, बटणं, उसवलेल्या कडा. पण गळ्यातली कापडी टेप काही उतरली नव्हती.

फेरीच्या तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास टेपबाई तिथं पोचत. अंगणात दोन खुर्च्या मांडलेल्या असत.

"ये गं पोरी. उशीर केलास सात मिनिटं."

सत्तावन्न वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारं माणूस जगात एवढंच उरलं होतं.

"काकू, घड्याळ दिसतं का तुम्हाला?"

"घड्याळ दिसत नाही, स्कूटर ऐकू येते. आणि ती टेप बघ तुझी! तीस मीटरची टेप आणि माप घेतेस एका भोकाचं. माझी दीड मीटरची, पण हिनं अख्खी वस्ती कपड्यांत बसवली."

"तुमचं गिऱ्हाईक बोलतं तरी. माझं आत तोंड घालून बसलेलं."

"माझं गिऱ्हाईक दरवर्षी फुगतं, तुझं आटतं. तेवढाच फरक." काकू स्वतःच्या विनोदावर खोकला येईस्तोवर हसत. मग विचारत, "किती आज?"

टेपबाई आकडा सांगत. काकू तो मान हलवून पुन्हा म्हणत, जसा कुणी नातवाचा ताप ऐकतो तसा. मग चहा होई, आणि निघण्यापूर्वी शेवटचं काम. काकू सुयांची लाल उशी आणून देत. तिच्यात आठ सुया टोचलेल्या. टेपबाई आठही सुयांत लांबलचक दोरे ओवून ठेवत. खडूवरची केसाएवढी रेघ वाचणाऱ्या डोळ्यांना ते जड नव्हतं. आठ सुया काकूंना पुढच्या फेरीपर्यंत पुरत; पुरवत असत म्हणा.

"शेजारीण देईल की ओवून," टेपबाई एकदा म्हणाल्या होत्या.

"देईल. आणि वस्तीभर सांगेल, म्हातारीला दिसत नाही म्हणून. मग आहेत ती कामंही बंद."

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सतरा नंबर तळाला गेली. टेप खाली गेली आणि ओळखीच्या "डुब्‌" ऐवजी "ठप्प" असा आवाज आला. खडू कोरडा ठाक, वजनाला माती. टेपबाईंनी शेऱ्याच्या रकान्यात "कोरडी" लिहिलं. पुढच्या फेरीलाही तेच.

"तिसऱ्यांदा कोरडी निघाली की नंबर रद्द," चहा पिता पिता त्यांनी नियम सांगितला.

"रद्द म्हणजे?"

"यादीतून काढतात. कठड्यावरचा नंबर पुसतात."

"आणि तू?"

"मी कशाला येईन मग?"

टेपबाईंनी हे नियम सांगावा तसं सांगितलं होतं. काकूंनी बशीतला चहा परत कपात ओतला. त्या दिवशी स्कूटरवरून उतार उतरताना आपण काय बोलून आलो ते टेपबाईंच्या लक्षात आलं, आणि तीन महिने ते कुसळासारखं टोचत राहिलं.

तिसऱ्या फेरीला टेप खाली सोडली तर "ठप्प" झालं नाही. काहीतरी पचकन वाजलं. वर ओढली तर खडू तीन बोटं गडद. टेपबाईंनी टेप नाकाजवळ नेली. साबणाचा वास येत होता.

कठड्याची एक कड ओली होती. मोरीच्या दाराशी बादली पालथी घातलेली, तिच्या काठाला थेंब लटकत होता. आत काकू कपबशा वाजवत होत्या, दोन कपांना लागतात त्यापेक्षा पुष्कळच जास्त.

विहिरीचा तळ चौदा मीटर साठवर होता. माप आलं चौदा पंचावन्न. टेपबाईंनी टेप पुसली, पुन्हा खडू लावला, पुन्हा सोडली. चौदा पंचावन्न. नोंदवहीत पाणी किती खोल याचा रकाना होता. ते कुठून आलं याचा नव्हता. त्यांनी स्वच्छ अक्षरात आकडा लिहिला.

"काकू, पाणी आहे."

"आहे ना?" आतून आवाज आला. "मला वाटलंच होतं."

चहा घेऊन आल्या तेव्हा काकूंच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या. टेपबाईंनी ते पाहिलं नाही आणि आपण पाहिलं नाही हे काकूंना दिसू दिलं.

अशा पाच फेऱ्या झाल्या. चौदा पंचावन्न, चौदा त्रेपन्न, चौदा छप्पन्न. एका फेरीला चौदा पन्नास भरलं, तेव्हा काकूंनी बहुतेक चादरी धुतल्या असाव्यात. दोघी यावर चकार शब्द बोलल्या नाहीत.

मग कार्यालयात नव्या साहेब आल्या. तिशीतली मुलगी, चष्मा, पायात कायम बूट. एकोणतीस वर्षं टेपबाईंचे आकडे वहीतून फाइलीत आणि फाइलीतून कपाटात जात आले होते. या मुलीनं कपाट उघडलं. सगळे आकडे संगणकात भरून घेतले आणि प्रत्येक विहिरीची एक एक रेघ काढली. एका गुरुवारी तिनं टेपबाईंना टेबलाशी बोलावलं, चक्क खुर्ची दिली.

"बाई, किती सुंदर नोंदी आहेत तुमच्या! एक खाडाखोड नाही. मी सगळ्यांना दाखवत असते."

टेपबाईंनी पदर सारखा केला. नोकरीत कुणी असं पहिल्यांदाच म्हणत होतं.

"आता ही बघा गंमत." साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "सगळ्या रेघा खाली चालल्यात. आणि ही सतरा नंबर, आधी उतरली, दोनदा कोरडी निघाली आणि मग सव्वा वर्ष आडवी. हलायलाच तयार नाही. खाली नक्की भेग आहे. कुठूनतरी पाणी येतंय तिथं."

"येतंय," टेपबाई म्हणाल्या.

"त्या वस्तीला टँकर चालू आहे. नळासाठी एक बोअर मंजूर झालीय, एकच. मी जागा सुचवलीय, सतरा नंबरच्या शेजारी. सोमवारी मशीन जाईल. तुमच्या आकड्यांमुळे, बाई."

टेपबाई जागेवर येऊन बसल्या. त्यांनी वस्तीतली टँकरची रांग कितीदा पाहिली होती. प्लास्टिकच्या घागरी एकमेकींना दोरीनं बांधून लावलेल्या, म्हणजे नंबर कुणी चोरू नये. एकच भोक. ते काकूंच्या अंगणात गेलं की धुरळा निघणार आणि वस्तीची पाळी पुन्हा केव्हा येणार ते सांगणं कठीण. बरं, पाणी कुठं आहे हे त्यांच्याच वहीत होतं. बावीस नंबर, उताराच्या पायथ्याला, शाळेमागे. दोन वर्षांत जेमतेम वीतभर उतरलेली. खरी वीतभर.

संध्याकाळी त्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या.

"वहिनी, एक विचारू का?"

"विचारा की. तो कुकर तेवढा खाली घ्या आधी."

टेपबाईंनी कुकर खाली घेतला. "समजा, कार्यालयात एखादी गोष्ट आपण खरी नसताना लिहिली..."

"साहेब असतात ना तपासायला? तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता, आता किती महिने राहिलेत तुमचे?" वहिनींनी झाकण उघडलं, वाफ दोघींच्या मधे आली. "आत्या, बाजूला व्हा, भाजेल."

शुक्रवारी साडेदहाला टेपबाई साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. खुर्ची होती, पण बसल्या नाहीत.

"सतरा नंबर कोरडी आहे."

"आज बघून आलात?"

"पहिल्यापासूनच. मागच्या पाचही फेऱ्यांत. पाणी होतं, पण विहिरीचं नव्हतं. वरून पडलेलं. मला कळत होतं."

साहेबांनी चष्मा काढला. "वरून कुणी टाकलं?"

"ते मी मोजत नाही."

"पाच फेऱ्या, बाई?"

"पाच."

"पण का?"

उत्तर होतं. कार्यालयात उभ्यानं सांगता येईल असं ते नव्हतं. टेपबाईंनी पडद्यावरच्या बावीस नंबरच्या रेघेकडे बोट केलं.

"मशीन बावीसला न्या," त्या म्हणाल्या. "ती रेघ खरी आहे."

"आता कुठली खरी हे मी कसं ठरवू?" मुलगी ओरडली नाही, ओरडली असती तर सोपं गेलं असतं. "मी स्वतः जाऊन बावीस मोजते. आणि बाई, मला दोन वर्षांच्या सगळ्या नोंदींवर शंकास्पद म्हणून शेरा मारावा लागेल. अडतीसही विहिरींच्या."

टेपबाईंना मेमोची भीती वाटली नव्हती. हे मात्र त्यांच्या मनात आलं नव्हतं. सदतीस विहिरी त्यांनी उन्हातान्हात, दोनदा दोनदा, वेळेला तिसऱ्यांदा मोजल्या होत्या. साहेबांनी त्यांच्यादेखत तांबडा रंग निवडला आणि एक कळ दाबली. एका दमात सगळ्या रेघांची शेपटं लाल झाली.

नंबर पुसायचं काम नियमानं त्यांचंच होतं. मंगळवारी काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन त्या वस्तीवर गेल्या. फेरीची तारीख नव्हती. अंगणात खुर्च्या नव्हत्या. त्यांनी स्कूटर बंद केली तोच मागून खडखड आवाज आला आणि घराला वळसा घालून काकू आल्या. अक्षरशः धावत, म्हणजे त्या गुडघ्यांनी जेवढं धावता येईल तेवढं. दोन्ही हातांत धरलेली बादली पायांवर हिंदकळत होती.

"आज कशी आलीस? आज तुझी तारीख नाही!"

आणि मग हातातली बादली काकूंच्या लक्षात आली. दोघी तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. फेसाचं, करडं पाणी.

टेपबाई पुढे झाल्या आणि त्यांनी बादली काकूंच्या हातातून घेतली. जड होती. विहिरीचा घेर त्यांना पाठ होता. घेर आणि तीन बोटं पाणी, हिशेब आपोआपच डोक्यात झाला. नऊ बादल्या. मुरतं ते धरलं तर दहा, बारा. दर खेपेला, अकराच्या आत.

"राहू द्या आता, काकू. नंबर रद्द झाला."

"कोण म्हणतं? पाणी आहे की! तू स्वतः लिहिलंस."

"मीच सांगितलं त्यांना."

"तू?"

"मी."

"माझं नाव सांगितलंस?"

"नाही."

"सांगायचं होतंस. माझं काय वाकडं करणार होते ते?" काकूंचा आवाज चढला. "तुझी मोजणी होती म्हणून मी गप्प होते. तू लिहीत होतीस म्हणून मी ओतत होते. आणि सांगताना एकटीच गेलीस!"

"वस्तीला एकच बोअर आहे, काकू. ती इथं पाडणार होते."

काकूंनी वस्तीकडे मान वळवली. टँकर आलेला नव्हता, तरी घागरींची रांग लागलेली होती. काकूंना ती दिसत असावी की नाही कोण जाणे. आवाज तरी येतच होता.

"ते कळतं मला," त्या खाली बघत म्हणाल्या. "मी काय वैरीण आहे का त्यांची?" मग ओल्या पदराला हात पुसत, "म्हणजे तुझं यायचं कारण संपलं म्हण."

काकू वळून आत गेल्या. दार लागलं. कडी वाजली.

टेपबाईंनी बादली दाराशी ठेवली. कठड्यापाशी उकिडवं बसून आधी बाण पुसला, मग एक, मग सात. रंगाच्या एका हातानं नंबर झाकला जाईना, तांबडा आकडा खालून दिसतच राहिला. वाळेपर्यंत थांबून त्यांनी दुसरा हात दिला. दार उघडलं नाही. सुयांची उशी आतच राहिली.

बावीसला सोमवारीच पाणी लागलं होतं. साहेबांनी हे त्यांना सही घेता घेता सांगितलं, पडद्यावरून नजर न काढता. मेमो आला, त्याचं उत्तर गेलं. पुढच्या फेरीपासून टेपबाईंबरोबर मोजायला दुसरा कर्मचारी येणार असं ठरलं.

रविवार येत होते आणि जात होते. टेपबाई मागच्या खोलीत बसून नोंदवहीच्या कडा डिंकानं चिकटवत, कपडे घड्या करत, घड्या मोडून पुन्हा करत. समोरच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला की त्यांना वाटे, उठून जावं, विचारावं काय झालं. पण जाईस्तोवर हसणं संपलेलं असे, आणि मग सगळे त्यांच्याकडे असे बघत, जणू म्हणताहेत, काही हवं असेल तर सांगा.

आठव्या रविवारी त्या भाच्याच्या शर्टाला बटण लावत होत्या. दोरा संपला. दुसरा ओवताना हात मधेच थांबला. मागच्या फेरीला ओवलेल्या आठ सुया. त्यानंतर ओवल्याच नव्हत्या. काकूंनी कितीही काटकसर केली तरी त्या महिन्यापूर्वीच रिकाम्या झाल्या असणार. शेजारणीला तर त्या सांगणार नाहीत.

टेपबाईंनी शर्ट ठेवला, चपला घातल्या.

"आज कुठं?" वहिनींनी विचारलं. "रविवार ना?"

"मोजणीला," टेपबाई म्हणाल्या. विनाकारण कुणाकडे तरी जाते आहे, हे या घरात कसं सांगतात ते त्यांना माहीत नव्हतं.

पिशवी नसल्यामुळे स्कूटर हलकी वाटत होती, वळणावर सारखी एकीकडे जात होती. वस्तीत शिरताना नवा नळ दिसला, त्याच्याशी दोन बायका भांडत होत्या. काकूंच्या अंगणात खुर्ची नव्हती. कठड्यावरचा काळा चौकोन धुरकट झाला होता. टेपबाईंनी दार वाजवलं. या घराचं दार त्यांनी आजवर कधी वाजवलं नव्हतं. ते उघडंच असायचं.

काकूंनी दार उघडलं आणि आधी त्यांच्या हातांकडे बघितलं.

"टेप कुठंय?"

"नाही आणली."

"मग आलीस कशाला?"

"सुया," टेपबाई म्हणाल्या.

काकू आत वळल्या. दार उघडं राहिलं, म्हणून टेपबाई आत गेल्या. इतक्या वर्षांत त्या अंगणापलीकडे आल्या नव्हत्या. मशीनवर कापड, एक पलंग, भिंतीला टेकवलेल्या दोन खुर्च्या, एकीवर धूळ. काकूंनी लाल उशी आणून त्यांच्या मांडीवर टाकली, दिली नाही. आठच्या आठ सुया रिकाम्या होत्या. टेबलावर बिनबाह्यांचा एक झगा पडला होता, त्याच्या बाह्या शेजारी.

काकू ओट्याशी गेल्या आणि पाठमोऱ्याच भांडी वाजवू लागल्या. टेपबाई खिडकीकडे सरकल्या. दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलं, सुई उजेडात धरली. दोरा बाजूनं गेला. त्यांच्या तोंडून 'च्' निघालं.

"दुसऱ्यांदा घे," काकू तिकडूनच म्हणाल्या. "तुमच्यात दोनदा घ्यायचं असतं ना."